काठावरच्या जागा आणि अकरावा नियम

धरणाच्या काठावर अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पण मला पोहता येत नाही. होडी वल्हवता येत नाही. गळाला लागलेला मासा सोडवायला सांगितलात तर मी चार पावलं मागे सरकेन. तरीही कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या काठावर कुठली होडी कुठे लागणार, हे मीच ठरवत होते. भांडणं व्हायची, शिव्या बसायच्या, पण शेवटी होडी मी सांगितलेल्या जागीच लागायची.

मी मच्छीमार संस्थेची सचिव होते. आमचं घर बौद्ध वस्तीतलं, मासेमारीशी आमचा संबंध ताटापुरता. त्याआधी मी बालवाडीत शिकवत होते. संस्थेत दोन भावक्या होत्या आणि एका भावकीचा सचिव दुसरीला चालत नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, बालवाडीच्या सुनंदाबाई बारावी झाल्यात, अक्षर चांगलं आहे, आणि त्या कुणाच्याच नाहीत. ‘कुणाच्याच नाहीत’ एवढ्या एका पात्रतेवर मला नोकरी मिळाली. पुढे कळलं, या कामाला तीच पात्रता सगळ्यात महत्त्वाची.

ज्यांनी धरणाचं पाणी फक्त सहलीला जाऊन पाहिलंय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. धरणाची भिंत शेजारच्या जिल्ह्यात, पण भीमेचं अडलेलं पाणी मागे फुगत आमच्या दारापर्यंत येतं. समुद्राचा किनारा साधारण जागच्या जागी असतो. आमचा काठ चालतो. भाद्रपदात पाणी शाळेच्या कुंपणाला लागतं आणि वैशाखात अर्धा कोस मागे जातं. म्हणजे होडीची जागा म्हणून जमिनीवर दगड रोवून ठेवला, तर तो दगड सहा महिने पाण्याखाली आणि सहा महिने रानात. शिवाय माशांचा टेम्पो जिथे येतो त्या रस्त्याजवळची जागा प्रत्येकाला हवी असते. पन्नास किलोचा क्रेट डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून चाललात की समजेल, का हवी असते ते.

मी आले तेव्हा काठावर जोर चालायचा. पुण्याला कायमचे गेलेले लोकही कुजलेली होडी पालथी टाकून जागा धरून बसलेले. एकाच्या होडीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. आणि रोज मासे मारणारा माणूस शेवटच्या टोकाला. एका सकाळी वल्ह्याने डोकी फुटली. दोघांनाही मी एकाच जीपमध्ये बसवून कर्जतला टाके घालायला नेलं. एक पुढच्या सीटवर, एक मागच्या. परत येताना मी मनाशी ठरवलं की आता हे लिहून काढायचं.

पंधरा दिवस मी काठावर नुसती फिरत होते. मला शिकवलं दगडूनानांनी. नाना संस्थेच्या पहिल्या सभासदांपैकी. उंच, काळेशार, खांदे असे रुंद की सदरा नेहमी पाठीत उसवलेला. त्यांनी मला होडीचं पुढचं तोंड आणि मागची बाजू ओळखायला शिकवलं. पत्र्याच्या सांध्यांना डांबर का लावतात, उन्हाळ्यात होडी पालथी का घालायची, वारा कुठून आला की तोंड कुठे करायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहून घेत होते. ते हसायचे. “सुनंदे, हे लिव्हून येत नसतंय गं.”

“मला यायला नकोय नाना. मला फक्त भांडण मिटवायचंय.”

“मग लिव्ह.”

दहा नियम झाले. मंदिराच्या सभामंडपात सभा बसली. पहिला नियम असा की रांग पाण्याबरोबर सरकेल, क्रम बदलणार नाही. काठ कुठेही असो, पाचव्या होडीच्या एका हाताला चौथी, दुसऱ्या हाताला सहावी. हा लगेच पास झाला. दुसऱ्या नियमात मी लिहिलं होतं, प्रत्येक होडीला एक वाव रुंदीची जागा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचं अंतर. त्यावर पाऊण तास गेला. वाव मान्य, पण हात कुणाचे? बुटक्यांना बुटक्यांचे चालेनात आणि उंचांना उंचांचे. शेवटी नाना उठले आणि हात पसरून उभे राहिले. “घ्या माप. कुणाची तक्रार हाय का?” त्यांच्यापेक्षा लांब हात गावात नव्हते. एक बांबू त्या मापाने कापला गेला आणि मी नोकरी सोडेपर्यंत तोच वापरला.

चौथा नियम, कुणी हाक मारली तर होडी ढकलायला हात लावायचाच, वैर असलं तरी. सहावा, होडीत होडीचंच सामान. हा एका शेतकरी सभासदामुळे करावा लागला. त्यांनी होडी पालथी घालून खाली कांदा साठवला होता. मी विचारलं तर म्हणाले, “होडी हाय, जाग्यावर हाय, वर तोंड नाय, खाली तोंड हाय. तुमचं काय बिघडलं?” बिघडलं नव्हतं, पण कांदा सडला तेव्हा दोन्ही बाजूच्या होड्यांचे मालक नाकाला टॉवेल बांधून माझ्याकडे आले.

आणि सातवा. बारा महिने पाण्यात न उतरलेल्या होडीची जागा जाईल आणि जागेसाठी थांबलेल्यांच्या यादीत पहिला असेल त्याला मिळेल. वर्ष पाडव्याला बदलेल. यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण प्रत्येकाच्या भावकीत एक तरी मेलेली होडी होती. पहिला हात वर गेला तो नानांचा. मग बाकीचे गेले.

या नियमाचा मला अभिमान होता आणि आजही आहे. दोन वर्षांत मेलेल्या अकरा होड्या निघाल्या आणि रोज पाण्यात जाणारे अकरा लोक रस्त्याजवळ आले.

नियम नेटाने चालले. वर्षं गेली. मग एका फाल्गुनात मी नोंदवही काढून बसले. कुठली होडी कधी पाण्यात उतरली हे मी रोज लिहीत असे. वर्षभर न उतरलेल्या तीन होड्या निघाल्या. त्यातल्या दोन होड्यांचे मालक गाव सोडून गेलेले होते. तिसरी, जागा क्रमांक तीन, टेम्पोच्या रस्त्याला लागून. दगडूनानांची.

मी वही मिटून पुन्हा उघडली. नाना रोज काठावर दिसायचे. होडी धुवायचे, डांबर लावायचे, साचलेलं पाणी उपसायचे, तिच्या सावलीला बसायचे. सगळ्यांना वाटायचं, सकाळी लवकर जाऊन आले असतील. पण गेल्या पाडव्यापासून त्यांच्या होडीची एकही नोंद नव्हती.

यादीत पहिला होता युनूस. पस्तिशीचा, अंगाने काटक, दुसऱ्यांच्या होड्यांवर अर्ध्या वाट्याने जाळं टाकणारा. आमच्याकडे जागा असल्याशिवाय होडीची नोंद होत नाही, म्हणून तीन वर्षं तो जागेसाठी थांबला होता. महिन्यातून एकदा यायचा, दारातूनच विचारायचा, “बाई, हाय का काय?” मी मान हलवायची. तो जायचा. कधी आवाज चढवला नाही.

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मी तीन नोटिसा छापून घेतल्या आणि सकाळी जाऊन तिन्ही होड्यांवर खळीने डकवल्या. मनाला सांगितलं, सगळ्यांना एक माप. खरं कारण वेगळं होतं. नानांच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

नाना आले तेव्हा मी संस्थेच्या खोलीच्या दारात होते. काठावर तीसेक माणसं होती. नानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग शेजारी जाळं आवरत असलेल्या माणसाला म्हणाले, “काय लिव्हलंय बघ रं.”

तो माणूस युनूस होता.

युनूसने मनातल्या मनात वाचलं.

“मोठ्यानं वाच की.”

त्याने वाचलं. सातव्या नियमान्वये. बारा महिने. पाडव्यापर्यंत न उतरल्यास जागा रद्द. त्याचा आवाज शेवटी शेवटी एवढा खाली गेला की नानांनी त्याला दोनदा “आं?” केलं. ती जागा कुणाला मिळणार हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नाना म्हणाले, “बरं केलंस, वाचलंस ते.” आणि घरी गेले. कागद त्यांनी फाडला नाही. पुढचे पंचवीस दिवस तो तसाच होता आणि नाना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी नाना वल्हं खांद्यावर घेऊन आले. डाव्या खांद्यावर. ते माझ्या ध्यानात आलं, पण अर्थ लागला नाही. त्यांनी हाक मारली. चौथ्या नियमाप्रमाणे चौघं आले. त्यात युनूसही होता. होडी चिखलावरून घसरत पाण्यात गेली.

मी धावत खाली गेले. “नाना, कुणालातरी सोबत घ्या.”

“नेमात लिव्हलंय का, सोबत घ्यावी म्हनून?”

“नाही.”

“मग?”

त्यांनी वल्हं मारलं. होडी थोडी वाकडी गेली, मग सरळ झाली. मी नोंद केली. वेळ टाकली. एवढंच करणं हातात होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे दुपारी पश्चिमेचा वारा उठतो. पाण्यावर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या की जाणती माणसं परत फिरतात. त्या दिवशी बाराच्या पुढे एकेक होडी येऊ लागली. मी प्रत्येकाला विचारत होते, नाना दिसले का? कुणी म्हणालं, सकाळी जुन्या गावठाणाकडे जाताना बघितलं. जुनं गाव धरणात गेलेलं. पाणी ओसरलं की त्याची टेकडी मधोमध उघडी पडते. नंतर कुणालाच दिसले नव्हते.

दोन वाजले. तीन वाजले. वारा वाढला. मी काठावर उभी होते आणि माझ्या हातात ती नोंदवही होती. आयुष्यात पहिल्यांदा मला ती वही पाण्यात फेकावीशी वाटली.

युनूस माझ्याजवळ आला. “बाई, मी जाऊन येतो.”

“कशात जाशील?”

इंजिनाची एकच होडी काठावर होती आणि तिचा मालक बाजाराला गेला होता. फोन लागत नव्हता. आठवा नियम, मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याची होडी काढायची नाही. या नियमावरून मी दोन जणांना महिना महिना बंदी घातलेली. युनूसने हे सगळं माझ्या तोंडावर वाचलं असावं. तो नुसता उभा राहिला.

“ने,” मी म्हटलं. “माझ्या नावावर ने.”

एका जोडीदाराला घेऊन तो गेला. मी वहीत लिहिलं, ‘आठवा नियम सचिवांनी मोडला.’ सही केली.

ते परत आले तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. पुढे इंजिनाची होडी, मागे दोर, दोराला नानांची होडी, आणि होडीत नाना ताठ बसलेले. काठावरच्या बायका रडायलाच लागल्या. काठ शंभर पावलांवर आला तसा नानांनी हात वर करून युनूसला थांबवलं. काहीतरी बोलले. युनूसने दोर सोडला आणि होडी बाजूला घेतली. शेवटचं तेवढं अंतर नाना एका हाताने, डाव्या हाताने, वल्हवत आले. होडी दोनदा गोल फिरली. कुणी हसलं नाही. पत्रा चिखलाला लागल्याचा आवाज आला तेव्हाच सगळ्यांनी श्वास सोडला.

मी पुढे झाले. “नाना, जीव गेला असता तुमचा!”

“तुझ्या कागदावर काय हुतं? न उतरलेली होडी. आता उतरली न्हवं? लिव्ह.”

मी लिहिलं. माझं अक्षर त्या ओळीत मला ओळखू येत नाही.

नाना घरी गेल्यावर युनूस ओले कपडे पिळत उभा होता. त्याला सांगणं माझं काम होतं. “युनूस, होडी पाण्यात गेली. नियमाने जागा नानांकडेच राहते. तुला अजून एक वर्ष.”

“ठावं हाय बाई.” त्याने पिळलेला सदरा झटकला. “खोटं कशाला बोलू? ते टेकाडावर बसल्यालं लांबनं दिसलं, तवा पयला इचार जागेचाच आला. की यानी होडी उतरवली, आता माझी जागा गेली. मग मलाच लाज वाटली. दोर टाकला.”

मी अठ्ठावीस वर्षांत पुष्कळ अर्ज वाचले, पुष्कळ शपथा ऐकल्या. इतकं खरं माझ्याशी दुसरं कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मी नानांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. ते रोज काठावर भेटत, म्हणून कधी वेळच आली नव्हती. दारात गुढी उभी होती. सुनेने चटई टाकली, चहा ठेवला. नाना भिंतीला टेकून बसलेले.

“चुकलं नाना,” मी म्हटलं.

“नेम चुकला?”

“नाही. नियम बरोबर आहे. कागद डकवायला नको होता. मी यायला पाहिजे होतं.”

त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि उजवा हात उचलायला लागले. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थरथरत थांबला. ज्या हातांच्या मापाचा बांबू माझ्या खोलीत उभा होता, त्यातला हा एक.

“दीड वरीस झालं,” नाना म्हणाले. “कालबी टेकाडापतूर गेलो आन् डावा बी थकला. तू आली असतीस, तर तुला हात दावला असता. कागदाला काय दावू?”

मी चहाचा कप उचलला.

चहा संपल्यावर तेच म्हणाले, “जागा सोडायचा कागद असतो न्हवं तुझ्याकडं? आन.”

“नाना, जागा तुमची आहे. कालची नोंद आहे. वर्षभर कुणी हात लावणार नाही.”

“म्हनूनच सोडतो. काल काढली असती तर ती तुमी काढली असती. आज मी सोडतोय. फरक हाय का न्हाई?”

“आहे.”

अर्ज पिशवीत होता. मी मांडीवर पाटी घेऊन लिहायला लागले. नाव, जागा क्रमांक. पुढचा रकाना होडीच्या स्थितीचा. “होडीची स्थिती काय लिहू?”

“चांगली हाय. पत्रा चांगला, सांधं चांगलं. लिव्ह सगळं.”

लिहिलं. “जागा सोडण्याचं कारण?”

नाना दाराबाहेर बघत राहिले. तिथून पाणी दिसत नव्हतं, शेजाऱ्याची भिंत दिसत होती.

“होडी चांगली हाय,” ते म्हणाले, “मानूस म्हातारा झाला.”

अशा ठिकाणी आम्ही ‘वृद्धापकाळामुळे’ असं लिहितो. तसं लिहिणार होते. पेन टेकवलंही होतं. मग मी त्यांचेच शब्द लिहिले, जसेच्या तसे, आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला.

युनूसला जागा मिळाली. होडीही नानांनीच दिली, नवी करेपर्यंत वापर म्हणून. तो सहा वर्षं तीच वापरत होता. नाना रोज काठावर येऊन त्याच्या चुका काढायचे. तोंड वाऱ्याकडं कर, गाठ अशी मारत्यात का, डांबर लावलंय का काजळ. युनूस मला म्हणायचा, “बाई, जागा मिळाली पन सासूबी मिळाली.” नाना गेले तेव्हा खांदा देणाऱ्यांत तो पुढे होता. त्याने नवी होडी केली ती त्यानंतर.

त्याच पाडव्यानंतरच्या सभेत मी अकरावा नियम मांडला. नोटीस होडीला लावू नये. सचिवांनी सभासदाच्या घरी जाऊन, बसून सांगावे. कागद नंतर द्यावा. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यावर बोट ठेवलं होतं. ‘बसून’ हा शब्द नियमात कशाला? मी म्हटलं, उभ्याने सांगितलं की माणूस हात दाखवत नाही. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण शब्द राहिला. सातवा नियमही तसाच आहे. मी तो मऊ केला नाही. मऊ केला असता तर युनूससारखे पुढचे दहा जण कुठे उभे राहिले असते?

या अकराव्या नियमाने माझं एक नुकसान मात्र केलं. पुढची कैक वर्षं मी मच्छीमारांच्या भोई आळीत शिरले की आधी कुजबूज आणि मग पळापळ. ‘बाई आल्या, बाई आल्या.’ मी बारशाला जात असो की आजाऱ्याला भेटायला, घरमालक माझ्या तोंडाकडे न बघता आधी पाण्याकडे बघायचा.

गेल्या वर्षी मी काम सोडलं. त्यानंतर महिन्याभराने धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला एका घरी गेले. म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून सूप तसंच ठेवून उभी राहिली.

“परवाच उतरवलीय वो बाई होडी! इचारा कुनालाबी!”

“मावशी, मी आता सचिव नाही. लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेय.”

तिने पत्रिका घेतली, उलटसुलट करून बघितली, गणपतीचं चित्र नाही म्हणून आणखी घाबरली. आमच्या पत्रिकेवर बुद्धांचं असतं. ते मी तिला दाखवलं, नाव वाचून दाखवलं, तारीख सांगितली. तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर रंग आला. चटई झटकून टाकत ती म्हणाली, “मग उभ्या का बाई? बसा की. बसून सांगा, पोरीला कुठं दिली.”

मी बसले.